फायब्रोमायल्जिया: रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फायब्रोमायल्जिया म्हणजे नेमकं काय?

अंगभर पसरलेलं, महिनोन्‌महिने न जाणारं दुखणं, रात्रभर झोपूनही न उतरणारा थकवा आणि डोकं नीट न चालणं, या तिन्हींचा मिळून झालेला आजार. आज मान, उद्या कंबर, परवा पोटऱ्या. सकाळी उठल्यावर अंग आंबलेलं असतं, काहींना तर कुणी रात्रभर कुटून काढल्यासारखं वाटतं. सोबत डोकेदुखी, पोट बिघडणं, हातापायांना मुंग्या, आवाज, उजेड आणि वास सहन न होणं हेही अनेकांना असतं. जगात साधारण शंभरात २ ते ४ जणांना हा आजार असतो. बायकांचं प्रमाण जास्त आहे, पण पुरुषांनाही होतो. त्यांच्या बाबतीत तो अनेकदा ओळखला जात नाही, कारण डॉक्टरांच्या डोक्यात हा 'बायकांचा आजार' म्हणून बसलेला असतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग दुखतंय कुठून?

रक्ततपासणी, एक्स-रे, एमआरआय या तपासण्या सूज, झीज, जंतुसंसर्ग आणि गाठी शोधतात. फायब्रोमायल्जियात यातलं काहीच नसतं. इथे बिघाड असतो वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या आणि तो वाचणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यात. रेडिओ चांगला आहे, स्टेशनही बरोबर लागलंय, पण आवाजाचं बटण वर जाऊन अडकलंय, असं समजा. या स्थितीला मज्जासंस्थेची अतिसंवेदनशीलता म्हणतात.

हे मोजून पाहिलेलं आहे. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा अंगठा दाबत मेंदूचं एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) केलं. निरोगी माणसाला जेवढं दुखायला जितका दाब लागला, तेवढंच दुखायला रुग्णांना त्याच्या जवळपास निम्माच दाब पुरला, आणि मेंदूतले वेदनेचे भागही तसेच उजळले. त्याआधीच्या अभ्यासांत रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात वेदनेचा निरोप पुढे नेणारं 'सबस्टन्स पी' हे द्रव्य बरंच वाढलेलं आढळलं होतं. काही रुग्णांच्या त्वचेतल्या बारीक नसाही विरळ झालेल्या दिसतात.

म्हणून दुखणं खरं आहे आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा कुणी लावत असेल, तर तो अर्थ चुकीचा आहे.

म्हणजे हे मनाचं आहे का?

नाही. ताण, चिंता आणि उदासपणा यांनी दुखणं वाढतं, आणि दुखण्याने ते तिन्ही वाढतात, हे खरं. पण असं मधुमेहातही होतं, दम्यातही होतं. उदासपणा जोडीला असेल तर त्यावर वेगळे उपचार घ्यावेत. त्याने वेदनाही थोडी हलकी होते. सगळं संपवून टाकावं असे विचार येत असतील तर थांबू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

हा संधिवात आहे का? की आमवात?

दोन्ही नाही. आयुर्वेदातला आमवात हा शब्द आज बहुधा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी वापरला जातो, आणि त्यात सांधे सुजतात, पुढे वाकडेही होऊ शकतात. फायब्रोमायल्जियात सांधे झिजत नाहीत, स्नायू वाळत नाहीत, माणूस पांगळा होत नाही. मात्र ऱ्हुमॅटॉइड किंवा ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असलेल्या माणसाला जोडीने फायब्रोमायल्जियाही होऊ शकतो. अशा वेळी मूळ आजार आटोक्यात असूनही अंग दुखत राहतं, आणि ते 'संधिवात वाढला' असं समजून औषधं उगाच वाढवली जातात.

निदान कसं करतात?

बोलून आणि तपासून. रक्ताची अशी एकही चाचणी नाही जी 'हो' किंवा 'नाही' सांगेल. २०१६ साली सुधारलेले निकष आज वापरात आहेत. त्यात दोन आकडे काढतात.

पहिला आकडा दुखणाऱ्या जागांचा. शरीराचे १९ भाग ठरवलेले आहेत: दोन्ही बाजूंचे जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात, कुल्ला, मांडी, पोटरी, आणि मधले मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती, पोट. गेल्या सात दिवसांत यातले किती दुखले तेवढे गुण, म्हणजे ० ते १९.

दुसरा आकडा बाकीच्या त्रासाचा. थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि स्मरण-एकाग्रतेचा त्रास यांना प्रत्येकी ० ते ३. त्यात गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं किंवा पेटके, आणि उदासपणा असल्यास प्रत्येकी १. एकूण ० ते १२.

जागांचे गुण ७ किंवा जास्त आणि त्रासाचे ५ किंवा जास्त, अथवा जागांचे ४ ते ६ आणि त्रासाचे ९ किंवा जास्त, असं असेल तर निकष पूर्ण होतात. पण दोन अटी आहेत: दुखणं शरीराच्या पाचपैकी चार विभागांत पसरलेलं असलं पाहिजे (डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मधला, यात जबडा, छाती आणि पोट धरत नाहीत), आणि त्रास किमान ३ महिने साधारण याच पातळीवर असला पाहिजे.

उदाहरण घ्या. मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, दोन्ही खांदे, दोन्ही दंड, दोन्ही पोटऱ्या: ९ गुण. थकवा २, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं ३, विसराळूपणा १, डोकेदुखीचा १: एकूण ७. दुखणं पाचही विभागांत आहे. पाच महिने झाले असतील तर निदान पक्कं. दुसरा एखादा आजार सापडला म्हणून हे निदान रद्द होत नाही, हेही निकषांतच आहे.

अंगावरचे १८ बिंदू दाबून बघतात ना?

ती १९९० सालची पद्धत. १८ ठरलेल्या जागांवर साधारण ४ किलोचा दाब द्यायचा आणि ११ ठिकाणी दुखलं तर निदान. ती मागे पडली, कारण दाब प्रत्येक डॉक्टरचा वेगळा पडतो, आणि थकवा, झोप यांची तिथे नोंदच होत नव्हती. अंग दाबून पाहणं आजही उपयोगी आहे, बिंदू मोजणं गरजेचं नाही.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

फायब्रोमायल्जिया शोधायला नव्हे, त्याच्यासारखे दिसणारे आजार बाजूला काढायला. एकदाच, नीट ठरवून: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का), टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (किडनी), यकृताची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि सीपीके (स्नायूंची इजा).

आपल्याकडे यातल्या तीन गोष्टी फार वेळा हुकतात. थायरॉइड कमी असणं. बी-१२ कमी असणं, विशेषतः शाकाहारी घरांत. आणि ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता. हाडं मऊ पडली की बरगड्या, नडग्या, कुल्ले दुखतात आणि खाली बसून उठताना मांड्या साथ देत नाहीत. कमतरता भरून काढल्यावर हे दुखणं जातं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एक, अशी साधारण ८ आठवडे देतात. ती आपल्या मनाने वर्षभर चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला इजा होऊ शकते. मुदत संपली की थांबा.

एएनए ही ल्यूपससारख्या आजारांसाठीची रक्ततपासणी सरसकट करू नये. निरोगी माणसांतही ती अनेकदा पॉझिटिव्ह येते आणि मग ल्यूपसच्या भीतीत महिने जातात. चेहऱ्यावर चट्टे, तोंडात वारंवार फोड, सांध्यांना सूज, असं काही असेल तरच करावी. एमआरआयचंही तेच. चाळिशीनंतर मणक्याच्या एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली) लिहून येणं फार सामान्य आहे, आणि अंगभर दुखण्याचं कारण तिथे सापडत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानेही स्नायू दुखतात.

कोणत्या खुणा दिसल्या तर दुसरा आजार शोधायचा?

सांधा डोळ्यांना दिसेल इतका सुजलेला. ताप, वजन उतरणं, रात्री घाम. एखाद्या हातापायात खरीच ताकद कमी होणं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं. पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेलं खांदे-कुल्ल्यांचं दुखणं आणि वाढलेला ईएसआर. हा पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका असू शकतो, त्याचा इलाज साफ वेगळा आहे. तरुण माणसाला पहाटे कंबरदुखीने जाग येत असेल आणि चालल्या-फिरल्यावर बरं वाटत असेल, तर मणक्याचा दाहक संधिवात तपासून घ्यावा. विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने हटणारं दुखणं फायब्रोमायल्जियाच्या वळणाचं नसतं.

कोणत्या डॉक्टरांकडे जावं?

निदान एकदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून (संधिवाततज्ज्ञाकडून) पक्कं करून घेतलेलं बरं. जवळपास नसतील तर एमडी मेडिसिन डॉक्टर हे काम नीट करू शकतात. त्यानंतर एकच डॉक्टर धरा. हाडांचे, नसांचे, पोटाचे, डोकेदुखीचे असे चार डॉक्टर झाले की औषधांच्या चिठ्ठ्याही चार होतात, आणि एकमेकांशी न जमणारी औषधं एकत्र येतात. जोडीला फिजिओथेरपिस्ट हवाच, पण शेक आणि करंट देऊन पाठवणारा नको. व्यायाम शिकवून पंधरा दिवसांनी तो बदलून देणारा शोधा.

भेटीला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: कधीपासून, कुठे कुठे, झोप कशी, आणि आतापर्यंत कोणती औषधं किती दिवस घेऊन काय झालं. डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात आणि नेमकं त्याच वेळी काही आठवत नाही.

पूर्ण बरं होतं का?

थोड्यांचं होतं. बहुतेकांचा त्रास उपचारांनी इतका कमी करता येतो की काम, घर, प्रवास पुन्हा जमू लागतं, मध्येमध्ये वाईट दिवस येतात. ध्येय 'शून्य दुखणं' असं ठेवलं तर प्रत्येक उपचार फसल्यासारखा वाटतो. 'तीन महिन्यांत भाजी मंडईतून स्वतः आणता आली पाहिजे' असं ध्येय ठेवा. ते मोजता येतं.

व्यायाम करा म्हणतात. पण केला की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. मग कसा करायचा?

या पानावरचा हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या शिफारशींसाठी सगळे उपचार तपासले तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीला मिळाली, ती व्यायामाला. बाकी ज्या औषधांची आणि उपचारांची शिफारस झाली, त्यांना 'करून पाहावं' एवढीच. आणि तरीही सर्वांत जास्त लोक व्यायामच सोडतात, कारण त्यांना तो चुकीच्या मापाने दिला जातो. '४५ मिनिटं चाला' हा सल्ला निरोगी माणसासाठी आहे.

माप असं काढा. तीन दिवस सपाट रस्त्यावर चाला आणि दुखणं वाढू लागलं की थांबा. समजा १२, ८ आणि १० मिनिटं झाली. सरासरी १०. तिच्या ८० टक्के म्हणजे ८ मिनिटं, ही तुमची सुरुवात. पहिले दोन आठवडे रोज ८ मिनिटंच. बरं वाटतंय म्हणून ९ नाही, दुखतंय म्हणून ४ नाही. मग दर आठवड्याला १ मिनिट वाढवा. २० मिनिटांपर्यंत जायला साधारण ३ महिने लागतात. हे हळू वाटतं, पण मज्जासंस्थेला 'हालचाल म्हणजे धोका नाही' हे पुन्हा शिकवायला इतका वेळ लागतोच. ज्याला २ मिनिटंच जमतात त्याने २ पासून सुरुवात करावी, अगदी घरातल्या घरात.

वेग इतकाच की चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता ५ वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ५ दंड, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून कोपर ५ वेळा वाकवणं. दोन आठवड्यांनी ५ चे ६ करा.

थोडं दुखणं वाढेल, ते अपेक्षित आहे. दुखण्याला दहापैकी अंक द्या. ते नेहमीपेक्षा दोन अंकांहून जास्त वाढलं आणि दोन दिवसांत उतरलं नाही, तर माप जास्त झालं. २० ते ३० टक्के मागे या, पण बंद करू नका. दोन आठवडे अंथरुणाला खिळलात तर कमावलेलं बरंचसं जातं.

जिथे हमखास चुकतं ते हे: रविवारी उत्साहात पर्वती चढून येणं, मोबाइलवरचे १०,००० पावलांचे आकडे पाठीमागे लावणं, आणि पहिल्याच आठवड्यात जिममध्ये वजनं उचलणं.

घरात दिवसभर कामच तर करते. तो व्यायाम नाही का?

नाही. घरकामात तेच तेच स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात, तेही वाकून आणि घाईत. चालण्यात आवळणं आणि सुटणं आलटून पालटून होतं.

घरकामात खरं नुकसान करतं ते 'आज बरं वाटतंय, सगळं उरकून घेते' हे चक्र. एका चांगल्या दिवशी कपडे, फडताळं, पाहुण्यांचा स्वयंपाक, आणि मग तीन दिवस अंथरूण. या चढउताराने यंत्रणा आणखी चिडते. काम तुकड्यांत करणं हा आळस नाही, हा उपचाराचा भाग आहे, आणि औषधाइतकाच मनापासून करायचा.

पोळ्यांचं उदाहरण घेऊ. वीस पोळ्या उभ्याने एका दमात लाटल्या की खांद्यापासून मानेपर्यंत पट्टा धरतो. कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवा आणि २०-३० मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे लाटताना जोर कमी लागतो. ओटा इतका उंच हवा की लाटताना खांदे कानाकडे चढणार नाहीत. चढत असतील तर पोळपाट खाली टेबलावर घ्या आणि उंच स्टुलावर बसा. सात पोळ्या झाल्या की गॅस बंद, हात सोडून पाच मिनिटं चकरा मारा, मग पुढच्या सात. मोबाइलला गजर लावा, कारण कामाच्या नादात थांबायचं सुचत नाही. दुखू लागल्यावर थांबायचं नाही, त्याआधी थांबायचं.

नोकरीतही हेच. खुर्चीतून दर अर्ध्या तासाला उठा. लोकलने जात असाल तर शक्य असेल तेव्हा गर्दीच्या अलीकडची-पलीकडची गाडी धरा.

झोपेचं काय करायचं?

१९७५ साली कॅनडात निरोगी तरुणांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली. काही रात्रींत त्यांचं अंग दुखू लागलं आणि ठरावीक जागा दाबल्या की दुखू लागल्या. झोप आणि वेदना किती जवळ आहेत ते यावरून कळतं.

उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. झोपायची वेळ आपोआप मागोमाग येते. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. दुपारची डुलकी घ्यायचीच असेल तर २० मिनिटं, तीनच्या आत. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत जा.

दोन गोष्टी वेगळ्या तपासा. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी. झोपताना पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं फेरिटिन बघा. लोहाचा साठा कमी असल्याने हे होतं, आणि साठा भरला की बऱ्याच जणांचं थांबतं.

औषधं कोणती देतात? किती मात्रेत?

पुढची माहिती चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहे, आपल्या मनाने सुरू करण्यासाठी नाही.

ॲमिट्रिप्टिलिन: रात्री झोपण्याच्या तास-दोन तास आधी १० मिलिग्रॅम, गरजेनुसार २५ पर्यंत, क्वचित ५०. हे नैराश्याचं जुनं औषध आहे, पण इतक्या कमी मात्रेत ते झोप आणि वेदनेसाठी देतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी गुंगी राहते. गुंगी जास्त असेल तर गोळी आणखी लवकर, साडेसात-आठला घ्या. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा आजार, प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा.

ड्युलॉक्सेटिन: ३० मिलिग्रॅम एक आठवडा, मग ६०. जेवणानंतर. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना मळमळ होते, आणि काही जण तिथेच सोडतात. एक-दोन आठवडे काढले तर ती बहुधा जाते. कॅप्सूल फोडून घेऊ नका. रक्तदाब अधूनमधून मोजा. यकृताचा आजार किंवा नेहमीचं मद्यपान असेल तर हे औषध टाळतात.

प्रेगाबालिन: अमेरिकेत मान्य असलेली मात्रा दिवसाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम आहे, सुरुवात ७५ दोन वेळा. पण एकदम तेवढ्याने चक्कर येते, म्हणून अनेक डॉक्टर रात्री २५ किंवा ५० पासून सुरू करतात. वजन वाढतं, पायांना सूज येते. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. गाडी चालवण्याआधी पहिले काही दिवस स्वतःचा अंदाज घ्या.

मिलनासिप्रान: १२.५ मिलिग्रॅमपासून आठवडाभरात वाढवत ५० मिलिग्रॅम दोन वेळा. घाम, धडधड आणि रक्तदाब वाढणं हे त्रास.

यातलं प्रेगाबालिन २००७ मध्ये, ड्युलॉक्सेटिन २००८ मध्ये आणि मिलनासिप्रान २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी मान्य केलं. अपेक्षा मात्र वास्तवातली ठेवा. चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीशी तुलना केली तर दुखणं निम्म्यावर येण्याइतका जास्तीचा फायदा साधारण दर दहात एकाला होतो. म्हणून एक औषध पुरेशा मात्रेत ६ ते ८ आठवडे घेऊन बघायचं, फरक नसेल तर हळूहळू काढून दुसरं. एकावर एक रचत जायचं नाही.

यातलं कुठलंच औषध झटक्यात बंद करू नका. प्रेगाबालिन किमान आठवडाभरात उतरवतात, ड्युलॉक्सेटिन दोन आठवडे किंवा जास्त. अचानक थांबवलं की घाम, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं असा त्रास होतो आणि लोकांना वाटतं आजारच उसळला.

आणखी एक: आपल्याकडे प्रेगाबालिन बहुधा मिथाइलकोबालामिन (बी-१२) किंवा नॉरट्रिप्टिलिन (ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीचं औषध) मिसळलेल्या गोळीत मिळतं. त्यामुळे एकाची मात्रा बदलायची तर दोन्हींची बदलते. शक्यतो सुटं लिहून मागा. चिठ्ठीवरच्या दोन वेगवेगळ्या ब्रँडांत एकच औषध दोनदा आलेलं नाही ना, हेही पाहा.

पेनकिलर, सलाईन, ताकदीची इंजेक्शनं?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक ही औषधं सुजेवर काम करतात, आणि इथे सूज नाही. रोज घेतली की पोटात व्रण पडू शकतात, किडनी खराब होऊ शकते, दुखणं तिथेच राहतं. सोबत गुडघ्याची झीज असेल तर त्यापुरती, तेवढेच दिवस.

ट्रॅमाडॉल क्वचित, थोड्या दिवसांसाठी देतात. ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन चालू असताना ते धोक्याचं ठरू शकतं: थरथर, घाम, ताप, गोंधळ. मॉर्फिनच्या जातीची जहाल औषधं या आजारात देऊ नयेत.

सलाईन लावल्याने या आजारात काहीही होत नाही. बी-१२ ची इंजेक्शनं रक्तात ते कमी असेल तरच.

स्टिरॉइडचा उपयोग नाही. गावोगावी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या 'वाताच्या पुड्या' दोन दिवसांत जादूसारखा आराम देतात, कारण त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. पुडी बऱ्याच दिवसांची चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून उतरवा. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं.

योग, मालिश, शेक, ॲक्युपंक्चर?

सावकाश योगासनं आणि ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांना बऱ्यापैकी पुरावा आहे. ताण देऊन शेवटच्या टोकाला जायचं नाही, ७० टक्क्यांवर थांबायचं. गरम पाण्याची आंघोळ, गरम पाण्याची पिशवी जरूर. मालिश हलक्या हाताची. रगडून घेतली की दोन दिवस अंग काळंनिळं झाल्यासारखं दुखतं. ॲक्युपंक्चरने थोडा, तात्पुरता फायदा होतो. वेदनेकडे पाहण्याची सवय बदलणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत झोप आणि भीती दोन्हींवर काम करते, परवडत असेल तर ८-१० बैठका घ्याव्यात.

पथ्य काय?

खास कुठलंही नाही. वांगं, दही, आंबट, डाळी सोडून फायदा झाल्याचा पुरावा नाही, आणि डाळी-दही सोडल्याने शाकाहारी माणसाची प्रथिनं तेवढी कमी होतात.

चिकुनगुनियानंतर सांधे दुखतात, तेही हेच का?

लगेच नाही. चिकुनगुनियानंतर सांध्यांचं दुखणं काही महिने, कधी वर्षाहूनही जास्त टिकतं, आणि त्यात सांधे सुजलेलेही असू शकतात. ते आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने पाहावं. पण संसर्गानंतर, मग तो चिकुनगुनिया असो, कोविड असो, काही जणांना खराच फायब्रोमायल्जिया सुरू होतो. अपघात, मोठी शस्त्रक्रिया यांनंतरही होतो.

दिवस राहिले तर?

औषधं स्वतः बंद करू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. बाळाचा विचार सुरू झाला तेव्हाच बोललं तर उत्तम. चालणं, झोप, शेक चालू ठेवता येतात.

अचानक उसळलं तर काय करायचं?

आधी कारण शोधा: दोन-तीन रात्रींची मोडलेली झोप, ताप-सर्दी, जास्त झालेलं काम, पाळी, घरातलं भांडण. पावसाळी कुंद हवेत वाढतं असं बरेच जण सांगतात. मग दोन-तीन दिवस सगळं निम्म्यावर आणा, शून्यावर नाही. ८ मिनिटं चालत असाल तर ४. उठायची वेळ तीच. नवं औषध सुरू करायची ही वेळ नव्हे. दुखण्याचं स्वरूपच नवं असेल, उदाहरणार्थ छातीत दाब, एकाच पायाला सूज, तर ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर ढकलू नका, तपासून घ्या.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही. नोकरीत रजेसाठी किंवा बसण्याची सोय बदलून मागण्यासाठी वैद्यकीय दाखला उपयोगी पडतो. त्यावर आजाराचं नाव आणि आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला एम ७९.७ हा कोड लिहून घ्या. 'अंगदुखी' एवढंच लिहिलेला दाखला कुणी मनावर घेत नाही.

घरच्यांनी काय करावं?

'काल तर छान होतीस' हे म्हणणं बंद करावं. या आजारात काल छान असणं आणि आज न उठवणं हे नेहमीचंच आहे. सगळी कामं काढून घेऊन माणसाला पलंगावर बसवूही नये, त्याने ताकद जाते. नेमकी कामं उचलावीत: ओल्या चादरी आणि जीन्स पिळणं, भरलेला कुकर आणि पाण्याची बादली उचलणं, वरच्या फळीवरचे डबे काढणं, लादी पुसणं. चादर पिळायला दुसरं कुणी नसेल तर पिळू नये, नळाच्या तोटीवर किंवा दांडीवर घालून पाणी निथळू द्यावं आणि अर्ध्या तासाने हातांनी वरून खाली दाबत उरलेलं काढावं. आणि रोज त्या ठरलेल्या आठ मिनिटांच्या फेरीला सोबत जावं, आजारी माणसाच्या वेगाने.